अडतीस म्हणजे पस्तीस

आमच्या धंद्यात कुणी आकडा सांगितला की त्यातून तीन वजा करायचे. हे कुठे लिहिलेलं नाही, पण ज्याला ठाऊक नाही तो फार दिवस टिकत नाही.

धंदा बसचा. एसीच्या, काळ्या काचांच्या बसचा नव्हे हो. जी गावं बसला परवडत नाहीत आणि ज्यांना बस परवडत नाही, तिथे जाणाऱ्या बसचा. तिकिटाच्या पैशांत डिझेलसुद्धा निघत नाही, म्हणून उरलेला खड्डा सरकार भरतं, किलोमीटरमागे इतके रुपये, असं ठरवून. दर चार वर्षांनी रूटचा ठेका निघतो. आम्ही बसवाल्यांनी बंद पाकिटात आकडा घालायचा, की बाबा एवढं अनुदान द्या, मी चालवतो. सगळ्यांत कमी मागेल त्याला रूट. पाकिटं फुटायच्या आधीचे आठ दिवस टपरीवर जो तो आपला आकडा सांगत सुटतो, आणि जो तो फुगवून सांगतो, म्हणजे ऐकणारा ढिला पडावा. तीन वजा करा, खरा आकडा हातात. एकोणीस वर्षं मी हेच केलं आणि एकदाही चुकले नाही.

आमच्याकडे पाकीट मी भरते, गाडी हे चालवतात. यांना वाटेत कुणी विचारलं, 'काय, किती टाकताय?' तर हे खरं सांगून मोकळे होतील, असा देवमाणूस. त्यामुळे आकडा मी यांनासुद्धा सांगत नाही. दाराला कडी लावून लिहिते, गोंद लावते आणि गोंद वाळेपर्यंत त्यावर पिठाचा डबा ठेवते. हसू नका. याच डब्याखालून आमचं घर चाललंय.

या वेळी वरच्या रूटचा ठेका होता. वरचा रूट म्हणजे अकरा गावं, घाटाची चढण, दिवसाला तीन फेऱ्या. आमची गाडी जुनी. इतक्या जुन्या गाडीला नवा परवाना देत नाहीत, चालू रूटवर चालू देतात एवढंच. म्हणजे रूट गेला की गाडी भंगारात आणि हे घरात. सत्तावन्न वर्षांच्या ड्रायव्हरला कोण ठेवतो? यांना दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नाही. रविवारी फेरी नसली की हे उगाच स्टँडवर जाऊन गाडीच्या काचा पुसून येतात. रूट गेला असता तर हा माणूस सहा महिन्यांत खचला असता. मला झोप येत नव्हती ती या भीतीने.

बुधवारी दुपारी बाराला दारात कोण उभा, तर धाकटा.

धाकटा म्हणजे माझा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा दहा वर्षांचा होता, पुढचे दोन दात पडलेला, दिवसभर माझ्या मागे मागे. त्यामुळे मी त्याला अरेतुरे करते आणि तो मला अहो वहिनी. गेल्या ठेक्यापर्यंत आम्ही एकाच घरात होतो. त्याने स्वतःची गाडी घेतली आणि वरच्या रूटला आपणही पाकीट टाकावं असं त्याच्या मनात आलं. लपवलंन नाही. जेवता जेवता सरळ विचारलंन, "वहिनी, तुम्ही किती टाकताय?" मी म्हटलं, बेचाळीस. त्याने एकेचाळीस टाकले. मी टाकले होते एकोणचाळीस. रूट आम्हाला मिळाला आणि आठवड्याभरात तो बायको, गाडी आणि कपाट घेऊन गावाच्या पलीकडच्या टोकाला राहायला गेला. जाताना म्हणाला, "टपरीवर खोटं बोलतात वहिनी, ताटावर बसून नाही." मी म्हटलं, धंदा आहे, ताट कसलं न् टपरी कसली. पण ते वाक्य माझ्या घशात कुसळासारखं अडकलं ते अडकलंच.

चार वर्षांनी तो दारात. आत ये म्हणायचं होतं, तोंडातून निघालं, "काय काम काढलंस?"

"वहिनी, मी जातोय," तो म्हणाला. "एक तारखेपासून शहरात, बस डेपोत. नोकरी लागली. गाडी विकली. शनिवारी येऊन घेऊन जाणार आहेत."

"बरं मग?"

"उद्या मी पाकीट टाकणार आहे. पण ते नावाला. एक तुमचं, एक पत्र्याचं. तिसरं कुणाचंच नाही."

पत्र्या म्हणजे गावातला आणखी एक बसवाला. तिसरं पाकीट नाही हे मलाही ठाऊक होतं आणि धास्ती त्याचीच होती. तीनपेक्षा कमी पाकिटं आली की टेंडर रद्द. आणि रद्द झालेला रूट शहरातल्या बड्या कंपनीच्या ठेक्याला जोडून टाकतात, मग बसा टाळ्या वाजवत.

"म्हणून तिसरं माझं," धाकटा म्हणाला. "गाडीचे कागद शनिवारपर्यंत माझ्याच नावावर आहेत. मी अडतीस टाकतोय. पत्र्या एकोणचाळीसच्या खाली येत नाही. तुम्ही साडेसदतीस टाका आणि रूट घ्या. त्याच्या खाली उतरू नका, उगीच मराल."

असं एकमेकांना आकडे सांगणं नियमात बसत नाही, एवढं मलाही कळतं. पण नियमात बसून आमच्या गावात कुणाचीच बस सुरू झालेली नाही.

"नाटक चांगलं बसवलंयस," मी म्हटलं.

तो म्हणाला, "नाटक करायला यायचं असतं तर चार वर्षांत कधीतरी आलो असतो."

तेवढ्यात हे मागच्या अंगणातून आले, हात ग्रीसने काळे. भावाला बघून यांचा चेहरा असा उजळला की मला रागच आला. म्हणाले, "बस की रे." तो म्हणाला, "नाही दादा, घाई आहे," आणि गेला.

हे हात पुसत म्हणाले, "त्याचं ऐक. तो खरं बोलतोय."

"तुम्हाला काय कळतंय? भाऊ दिसला की विरघळता."

"अगं, पण..."

"तुम्ही गप्प बसा. गाडी तुम्ही बघा, पाकीट मी बघते."

आणि हे गप्प बसले. ही यांची सवय तीस वर्षांची, आणि लावलेली मीच.

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगते. कुणी म्हणालं 'मी जातोय', की आमच्याकडे समजायचं हा मुक्काम ठोकणार. पत्र्या नऊ वर्षं धंदा बंद करतोय. त्याला पत्र्या म्हणतात ते त्याच्या गाडीचा पत्रा लांबून वाजतो म्हणून, पण अजून तीच गाडी वाजवतोय. धाकट्याने मला साडेसदतीस टाकायला सांगितलं, म्हणजे तो त्याच्या खाली असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. अडतीस म्हणजे पस्तीस. आणि मीच त्याला चार वर्षांपूर्वी बनवलेलं, तो उट्टं काढायला आला नसेल तर काय ओवाळायला आलाय?

तरी मन एका जागी बसेना. चप्पल घातली आणि टपरीवर गेले. पत्र्या तिथेच होता. मला बघून म्हणाला, "यंदा बेचाळीस टाकतोय वहिनी, वैतागलो या धंद्याला." बेचाळीस म्हणजे एकोणचाळीस. म्हणजे धाकटा पत्र्याबद्दल बरोबर बोलला होता. पण खोटं बोलणारा आधी थोडं खरं पेरतोच. तिथून बँकेत गेले, काम नव्हतं. बँकेतून भाजी बाजारात, पिशवी न घेता. मग पाय आपोआप गाड्या धुतात त्या वॉशिंगकडे वळले.

तिथे धाकट्याची गाडी उभी. नुसती धूत नव्हते, सीटांना नवी कव्हरं चढवत होते. निळी, चकचकीत.

बघा! गाडी विकलेला माणूस नवी कव्हरं घालेल का? मी मनातल्या मनात टाळीच वाजवली. माझ्याशी गाठ आहे बाळा, म्हटलं. परत येताना मी जवळजवळ पळत होते.

संध्याकाळी सहाला कडी लावून कागद पुढ्यात घेतला. छत्तीसला आमची गाडी कशीबशी चालते. त्याच्या खाली ती चालत नाही, ढकलावी लागते. दुसऱ्या ड्रायव्हरला सोडावं लागेल, तिन्ही फेऱ्या यांनाच मारायला लागतील. पण रूट हातात राहील. रूट राहिला तर पुढचं पुढे बघता येतं. मी साडेचौतीस लिहायला पेन टेकवलं. मग वाटलं, त्यानेही असाच अर्धा काढला असेल तर? अर्ध्यावरून हरले तर जन्मभर कपाळ बडवत बसेन. अंकी लिहिलं चौतीस. अक्षरी लिहिलं चौतीस फक्त.

बाहेरून यांनी विचारलं, "झालं का? किती?"

"झालं," मी म्हटलं. नेहमीसारखंच.

गुरुवारी तीन वाजता कचेरीत पाकिटं फुटली. हे दुपारच्या फेरीवर, मी एकटी. एक लांब टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर रूटचा नकाशा आणि साहेबांच्या मागे गरगरणारा पंखा. धाकटा खिडकीशी उभा होता. पत्र्या माझ्या शेजारी बसून पाय हलवत होता, आणि त्याच्या पायाने माझीही खुर्ची हलत होती.

साहेबांनी पहिलं पाकीट फोडलं. पत्र्या, एकोणचाळीस. मी मनात म्हटलं, बघा, नियम तो नियम.

दुसरं फोडलं. धाकट्याचं.

"अडतीस," साहेब म्हणाले.

मला आधी वाटलं, साहेब चुकीचं वाचतायत. मग कानात काहीतरी वाजायला लागलं. आता माझं पाकीट नको फोडायला, एवढं एकच डोक्यात. उठून ते टेबलावरून उचलावं, गिळून टाकावं. पण साहेबांनी ते फोडलंसुद्धा. बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं.

"चौतीस? अक्षरीपण चौतीसच लिहिलंय तुम्ही."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पत्र्याने मांडीवर थाप मारली. "वहिनी, डिझेलऐवजी पाणी घालणार का टाकीत? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण तुमचा तर भरल्या गाडीला जुंपून मारणार तुम्ही!"

धाकटा हसला नाही. जिन्यात मला गाठून तो एवढंच म्हणाला, "मी अडतीस सांगितले होते वहिनी." आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"सीट कव्हरं नवी कशाला घातलीस मग?" मी खेकसले. माझीच चूक, आणि वर मीच खेकसतेय.

"घेणाऱ्याने मागितली. त्याशिवाय गाडी नेत नाही म्हणाला."

तो गेला. मी जिन्यातच कठडा धरून उभी राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते माझ्याच मनात चार वर्षं पडलं होतं आणि मी त्यालाच उजेड समजत होते.

हे साडेचारला स्टँडवर आले. उतारू उतरेपर्यंत मी थांबले, मग आत चढून सांगितलं. रूट मिळाला. चौतीसला. यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"मी गेलो होतो त्याच्याकडे," हे म्हणाले.

"कुणाकडे?"

"धाकट्याकडे. तिसरं पाकीट नाही म्हटल्यावर. त्याला डेपोने मागच्याच आठवड्यात हजर व्हायला सांगितलं होतं. मी म्हटलं, आठ दिवस थांब, एवढं पाकीट टाक आणि मग जा. त्यासाठी त्याने तिथे हातापाया पडून एक तारीख मागून घेतली."

"आणि हे मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, दोघे भाऊ एक होऊन माझ्यावर उठले."

मी म्हणालेच असते. अगदी याच शब्दांत. मला यांच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडायला काही सापडत नव्हतं. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून रडले. हे उतरून टायरची हवा बघायला गेले. यांना माझं रडणं बघवत नाही.

शुक्रवारी कचेरी उघडली तेव्हा दारात मी पहिली. साहेबांनी समजावून सांगितलं, चहासुद्धा पाजला, बहुतेक माझी कीव आली असावी. सही करायला सात दिवस आहेत. माघार घेतलीत तर अनामत जप्त आणि पाच वर्षं कुठलंच पाकीट टाकता येणार नाही. मग रूट दुसऱ्या नंबरला, त्याच्या दराने. दुसरा नंबर धाकटा. त्यानेही नाही म्हटलं तर टेंडर रद्द, आणि रूट कंपनीला.

अडतीसला वरचा रूट नीट चालतो. ड्रायव्हर ठेवून चालतो. मी कचेरीच्या पायऱ्या उतरले नाही, घरंगळले. पण गाडी उद्या शनिवारी जाणार होती, आणि शनिवारी कचेरी बंद. जे काही करायचं ते आज पाचच्या आत.

धाकट्याच्या घरात सगळं खोक्यांत भरलेलं. भिंतीवरचं घड्याळ काढलेलं, त्याच्या जागी नुसता पांढरा गोल. जाऊ खोक्याला चिकटपट्टी लावत होती. तिने मान वर करून म्हटलं, "या जाऊबाई, आज काय मोजायला आलात?" मी गिळलं. तिचा हक्कच होता.

मी धाकट्याला म्हटलं, "मी माघार घेते. रूट तुझा, अडतीसला. गाडी विकू नकोस. यांना ड्रायव्हर म्हणून ठेव."

तो खोक्यावर बसला. माझ्या तोंडाकडे बघायला लागला, मी नोट दिली की दुकानदार ती उजेडात धरून बघतो तसा.

"आणि मी गाडीचा व्यवहार मोडायचा, डेपोला नाही कळवायचं. मग सातव्या दिवशी तुम्ही जाऊन सही करायची. असंच ना?"

"नाही रे बाबा!"

"मला कसं कळणार वहिनी?"

"मी सांगतेय ना!"

"सांगताय," तो म्हणाला. "ताटावर बसूनपण सांगितलं होतंत."

जाऊ चिकटपट्टी दाताने तोडत म्हणाली, "ह्यांना ती नोकरी मिळायला दोन वर्षं लागली."

"आधी तुम्ही माघार घ्या," धाकटा म्हणाला. "मग बघू."

"बघू म्हणजे? घेशील ना?"

"बघू."

म्हणजे मी सगळं सोडायचं, ते एका 'बघू'वर. त्याने नाही म्हटलं तर रूट कंपनीला, आमची गाडी भंगारात आणि पाच वर्षं आम्हाला पाकिटाला हात लावायची बंदी. इकडे आड तिकडे विहीर. मी रस्त्यावर आले. उन्हात एका दुकानाच्या पायरीवर बसले, उठले, चार पावलं गेले, परत येऊन बसले. दुकानदार म्हणाला, मावशी, काही हवंय का? मी म्हटलं, हवंय ते तुझ्याकडे नाही. घड्याळात पावणेदोन. दोन दहाला यांची फेरी निघते.

तीस वर्षांत मी यांना धंद्यातलं काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी धावत स्टँड गाठला आणि चालत्या गाडीत चढले. 'ड्रायव्हरशी बोलू नये' या पाटीखाली उभी राहून सगळं बोलले. मागच्या बायका कान टवकारून ऐकत होत्या. म्हटलं ऐका, आता लपवायचं काय उरलंय.

पहिलं गाव गेलं. दुसरं गेलं. घाट लागला, यांनी गिअर बदलले, समोरून दुधाची गाडी आली तिला जागा दिली.

"अहो, बोला ना! पाचला कचेरी बंद होते!"

तिसऱ्या गावाला गाडी थांबवून यांनी ब्रेक लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"सोड," हे म्हणाले. "त्याने नाही घेतला तरी सोड. त्याच्यासाठी एवढं तरी होऊ दे."

"आणि तुमचं काय?"

"उतर आता. फेरीला उशीर होतोय."

उतरले. परतीला गाडी कुठली? अर्धा तास रस्त्यावर हात करत उभी. शेवटी कांद्याच्या टेम्पोत पोत्यांवर बसून आले. कचेरीत शिरले तेव्हा चार पन्नास. साहेब टेबलाचे खण बंद करत होते. मी कागद मागितला. माघार घेत आहे, असं लिहिलं, खाली सही केली. साहेबांनी सही ताडून बघितली.

साहेबांनी माझ्यासमोरच धाकट्याला फोन लावला. "हो. हो, माघार घेतली. आत्ताच, माझ्यासमोर. हो, शिक्का मारला." मग त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"बरं, म्हणाले."

"बरं म्हणजे घेतो?"

"बरं म्हणजे बरं. आता मी जाऊ का?"

ती रात्र आणि शनिवारचा दिवस कसा गेला ते विचारू नका. फोन करायला दहा वेळा हात गेला. हे आपले सकाळी फेरीला गेले, दुपारी जेवले, संध्याकाळी दाढी केली, काही झालंच नाही असे. मी वॉशिंगपर्यंत तीनदा जाऊन आले. गाडी तिथे नव्हती. विकत घेणारा घेऊन गेला असणार, दुसरं काय? तिसऱ्यांदा परत येताना मी रस्त्यातच स्वतःला मोठमोठ्याने शिव्या देत होते आणि लोक बाजूने जागा देऊन जात होते.

साडेसहाला बाहेर हॉर्न वाजला.

निळ्या कव्हरांची गाडी आमच्या दारात उभी होती. धाकटा उतरला, दारात आला, आणि माझ्याकडे न बघता यांच्याशी बोलला. "गाडीचा विसार परत केला दादा. डेपोला नाही म्हणून कळवलं. ठेका माझ्या नावावर होतोय. सोमवारपासून तू माझ्या गाडीवर. पगार महिन्याच्या महिन्याला, बाहेरच्या ड्रायव्हरला दिला असता तेवढा."

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "अरे आधी आत तरी ये. आणि हे बघ, साहेबांकडचे कागद, ती यादी, डिझेलच्या पावत्या, ते सगळं मी बघते, तू त्याची काळजीच..."

"नाही," तो म्हणाला. आता त्याने माझ्याकडे बघितलं. "वहिनी, दादा येईल. तुम्ही नाही. कागदाला, पाकिटाला, पावतीला, कशालाच तुमचा हात लागायचा नाही. ही एकच अट आहे. मान्य नसेल तर आत्ता सांगा, गाडी घेणारा अजून चढा भाव द्यायला तयार आहे."

मी तोंड उघडलं. एकोणीस वर्षं या रूटचा कागद न् कागद मी लिहिला होता. कुठल्या गावाला पावसाळ्यात किती वेळ लागतो, कुठल्या वळणावर टायर जास्त झिजतो, सगळं मला पाठ. मग मी दिवसभर करू काय? भिंतींशी बोलू? असं आणि बरंच काही जिभेवर आलं. मी यांच्याकडे वळले. निदान हे तरी म्हणतील, अरे, असं रे कसं, ती एवढी वर्षं...

हे दारात नव्हते. पायात चपला सरकवून कधीच गाडीपाशी पोहोचले होते. दार उघडून वर चढले, सीट मागेपुढे सरकवून बघितली, आरसा फिरवला, निळ्या कव्हरावरून हात फिरवला. धाकटाही गाडीकडे वळला. त्याने खालून काहीतरी सांगितलं तसे हे मोठ्याने हसले. हा आवाज आमच्या घरात चार वर्षांत कुणी ऐकला नव्हता. मग धाकटा दुसऱ्या बाजूने चढला आणि यांनी चावी फिरवली. घाटापर्यंत एक चक्कर मारून बघू, असं काहीसं ऐकू आलं.

मला विचारायला कुणी मागे वळून बघितलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी चौकटीला धरून म्हटलं, "मान्य आहे." गाडी तेव्हा गल्लीच्या वळणावर गेली होती. मी आणखी एकदा, जरा मोठ्याने म्हटलं.